डागाची रोपं

बाळा, डोळे मिट आणि पपईचं एक रोप मनात आण. त्याच्या पानांवर फिकट डाग आहेत. आता एवढंच ठरव: हे रोप ठेवायचं की उपटायचं?

ओआहू बेटावर वायानाएला माझ्या शेजारी अपो सातुर्निनो राहायचे. अपो म्हणजे आजोबा. सोबत त्यांची दहा वर्षांची नात, एर्मिनिया. पूर्वी दया येऊन एक डागाळलेलं झाड ठेवलं, आणि त्याच्या रोगानं अपोंची सगळी बाग गेली. तेव्हापासून घरात एकच कायदा होता: डाग दिसला की उपटा. ही त्यांची शेवटची बाग. ती मेली तर मालक जमीन परत घेणार होता.

त्या वर्षी शेतकी खात्याच्या बाईंनी पपईची चाळीस रोपं आणून लावून दिली. त्यांच्या पानांवर मुद्दाम सौम्य विषाणू चोळलेला होता. विषाणूच्या पोटात हजारो अक्षरांचा मजकूर असतो. त्यातली मोजकी अक्षरं बदलली, की 'मार'चं 'तार' होतं. सौम्य विषाणू आधी घर करून बसला, की त्याच्या घातक भावाला सहसा शिरकाव मिळत नाही. झाडावर पडतात ते नुसते फिकट डाग. अपो मासे धरायला गेले होते, म्हणून बाईंनी हे एर्मिनियाला समजावलं.

"अपो, डागाचीच रोपं चांगली आहेत," तिनं सांगितलं.

"हो का? मग माझ्या टकलावरचे डागही जपून ठेव, पोरी!"

अपो खदखदून हसले. तीही हसली आणि गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत असताना अपोंनी रोपं उपटून जाळली आणि माझ्याकडून हिरवीगार रोपं नेऊन लावली. पाण्याच्या पिंपामागचं एक तेवढं नजरेतून सुटलं.

पुढे मावा आला, पानांचा रस शोषणारे बारीक किडे, आणि सोबत तो घातक विषाणू घेऊन आला. हिरव्यागार झाडांची पानं दोऱ्यांसारखी बारीक झाली, खोडांवर तेलकट रेघा उठल्या, फळांवर गोल वलयं उमटली. पिंपामागचं झाड मात्र फळांनी लगडलेलं होतं. पानांवर तेच फिकट डाग.

अपो कोयता घेऊन नेमके तिकडेच निघाले. "यानंच घात केला!"

एर्मिनिया खोडाला बिलगली. "नाही, अपो. हेच एकटं वाचलंय. तुम्ही हसलात, म्हणून मीही हसले. पुन्हा सांगायला हवं होतं मी."

अपोंनी बागेवरून नजर फिरवली. मग त्यांनी कोयता तिच्यापुढे धरला. "घे. माझ्या हाताला आता चांगल्या-वाईट झाडाची ओळख राहिली नाही."

एर्मिनियानं कोयता घेतला, आणि घराच्या पायरीजवळच्या, दोऱ्यांसारखी पानं झालेल्या, अपोंच्या सगळ्यात लाडक्या झाडावर पहिला घाव घातला.