बाहेर उघडणारं दार

बाबा गेल्यापासून आई हसली नव्हती. थोरलीला त्याहून जास्त टोचायचं ते हे, की ती रडलीही नव्हती. फोनवर कशी आहेस विचारलं की 'बरी आहे', जेवलीस का विचारलं की 'जेवले', की झालं, फोन खाली. शेवटी थोरलीने सुट्टी काढली, धाकट्या भावालाही बोलावून घेतलं आणि माहेरी आली ती मनाशी ठरवूनच. या खेपेला आईला बरोबर घेऊनच जायचं. हट्ट केला तर आपणही हट्ट करायचा.

घर जसंच्या तसं होतं, म्हणजे बाबांनी करून ठेवलेलं. बाबा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. "आमच्या धंद्यात चढउतार चालायचेच," हे वाक्य ते प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचे आणि समोरचा हसला नाही तर स्वतःच हसून मोकळे व्हायचे. कामावरची मोडीत निघालेली चीजवस्तू पिशवीतून घरी यायची आणि बघता बघता तिचं काहीतरी होऊन बसायचं. त्यामुळे या घरातली कुठलीच गोष्ट सरळ वागत नसे. स्वयंपाकघरातला नळ फिरवून जरा वर उचलावा लागे. पंखा बटण दाबल्यावर थोडा विचार करी, मग फिरे. कपाट गुडघ्याने ढकललं तरच लागे. पाहुणे गोंधळले की बाबा म्हणायचे, "आमचं घर ओळखीच्या माणसालाच दाद देतं. चोर शिरला तर बिचारा तहानेने मरेल."

आईची पाठ दुखायला लागली तेव्हा त्यांनी ओटा तोडून तिच्या बुटक्या उंचीला बेतून पुन्हा बांधला होता. शेजारपाजारच्या बायका मदतीला आल्या की कमरेत वाकून वाकून बेजार व्हायच्या. "बरोबर आहे," बाबा म्हणायचे, "मापं फक्त आमच्या मालकिणीची घेतलीत." कामावरचे सोबती सुटल्यावर गप्पा ठोकत बसायचे, पण यांची पावलं घराकडे. त्यावरून त्यांची थट्टा व्हायची. त्या थट्टेचं त्यांना काही वाटायचं नाही.

आता त्याच ओट्याला टेकून धाकटा म्हणाला, "ताई, आई तुझ्याकडे येवो न येवो, हे सगळं काढून नीट करून घेऊ या. सुताराला सांगून ठेवलंय, नळवाल्यालाही. उद्या एखाद्या वेळी पंखा डोक्यावर पडला म्हणजे?"

"कशालाही हात लावायचा नाही," दारातून आई म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण त्यात वाद घालायला जागाही नव्हती. तिने खांद्यावर टॉवेल टाकला आणि अंघोळीला गेली.

"बघितलंस?" धाकटा कुजबुजला. "हिला एकटीला कसं ठेवायचं?"

दोघं खालच्या आवाजात बोलत राहिली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग न्हाणीघरातून दार वाजलं. आधी हळू, मग जोरात.

"अगं, खटका सरकेना," आतून आई म्हणाली.

तो खटकाही बाबांचाच. जुन्या लिफ्टच्या दांडीचा तुकडा घासूनपुसून केलेला, आत स्प्रिंग बसवलेली. वर उचलून बाजूला सारायचा. धाकट्याने दार गदागदा हलवलं. दार ढिम्म. मग त्याने दोन्ही हातांनी मूठ धरली आणि पाय भिंतीला लावून ओढलं, तेव्हा मूठच उपटून हातात आली.

"ओढाओढ करू नकोस रे," आई म्हणाली. आवाज बारीक झाला होता. त्यानंतर काहीच नाही.

"आई?"

आईचा रक्तदाब, ओली फरशी, कोंडलेली वाफ, नको नको ते सगळं एकदम थोरलीच्या डोळ्यांपुढे आलं. धाकटा हातोडा शोधायला धावत होता. त्याला तिने दंडाला धरून थांबवलं. दार फोडायचं म्हणजे ते आत आईच्याच अंगावर जायचं.

लहानपणी एकदा बाबा तिला कामावर घेऊन गेले होते. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली, आत एक जाडजूड साहेब घामाघूम होऊन ओरडत होते. बाबांनी पाना बाहेर काढलाच नाही. उकिडवे बसले, फटीला तोंड लावलं आणि साहेबांना विचारलं, "आज डब्यात काय होतं, साहेब?" साहेब भाजीचं नाव सांगायला लागले आणि ओरडायचे थांबले. "आधी माणूस सोडवायचा," बाबा नंतर तिला म्हणाले होते, "दार कुठे पळून चाललंय?"

थोरली फरशीवर बसली आणि दाराला गाल टेकवून म्हणाली, "आई, हा खटका बाबांनी बसवला कधी गं?"

आतून हुंदक्यासारखा आवाज आला. मग आणखी एक. धाकटा पांढराफटक पडला. थोरलीने कान दिला आणि तिचा विश्वास बसेना. आई हसत होती.

"तुम्ही शाळेत होतात," आई म्हणाली. "मोठ्या ऐटीत बसवला. म्हणाले, मी आतून लावतो, तू ओढून बघ. मी ओढलं. म्हणतात कसे, 'पाहिलंस? हत्तीने ओढलं तरी उघडायचं नाही.' आणि मग ह्यांनाच उघडेना!"

"काय सांगतेस!"

"अख्खी दुपार आत. वरच्या झडपेतून मी केळं दिलं खायला. मला म्हणाले, 'मुलं आली तर सांग, बाबा कामावर गेलेत. जन्मभर लोकांना बाहेर काढलं. हे बाहेर कळलं तर तोंड दाखवायला जागा राहायची नाही.'"

धाकट्याला हसू आवरेना. तो भिंतीला धरून खाली बसला. "मग सुटले कसे?"

"मी सोडवलं," आई म्हणाली. "हे आतून सांगत होते आणि मी बाहेरून ठोकत होते. न्हाणीघराचं दार बाहेर उघडणारं हवं, असं त्यांचं पहिल्यापासून म्हणणं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडतं. म्हणून बिजागऱ्या बाहेर आहेत. जा, ह्यांची हत्यारांची पेटी आण. बिजागरीत कांडी असते, ती खालून वर ठोक. हळू ठोक रे, घाई कसली?"

धाकटा ठोकत होता, आई आतून सूचना देत होती आणि थोरली दार धरून उभी होती.

"आई, इतकं होऊनही खटका बदलला नाही?" तिने विचारलं.

"दुरुस्त केला की. म्हणाले, आता माझ्या जन्मात बिघडायचा नाही." आई थांबली. "आणि नाहीच बिघडला गं. त्यांच्या जन्मात."

आणि मग ती रडली. हसता हसताच, मोठ्याने, पोटभर. धाकट्याचा हात थांबला. थोरलीने त्याला खुणेने सांगितलं, रडू दे. तिचे स्वतःचेही डोळे वाहत होते, पण छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं तिला हलकं वाटत होतं.

शेवटची कांडी निघाली. दोघांनी मिळून दार उचलून भिंतीला लावलं. आई केस टॉवेलात गुंडाळून, लाल नाकाने, एखाद्या समारंभाला निघाल्यासारखी ताठ बाहेर आली. तिने दाराकडे पाहिलं, खाली पडलेल्या उपटलेल्या मुठीकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुझ्या सुताराला बोलाव. हा एवढा खटका बदलून दे म्हणावं. बाजारात मिळतो तसला साधा. बाकी घर मला पाठ आहे."

"एकटी राहशील?" थोरलीने विचारलं.

"राहीन. कंटाळा आला तर तुझ्याकडे येईन, चार दिवस तुझं डोकं खाईन आणि परत येईन." मग म्हणाली, "आणि रोज फोनवर जेवलीस का, जेवलीस का विचारत जाऊ नकोस. दुसरं काहीतरी बोल."

चहा टाकला तेव्हा आईच बोलत होती. ह्यांनी लग्नानंतर पहिल्यांदा केलेली खुर्ची, तिच्यावर बसलेले मोठे काका, काकांसकट भुईसपाट झालेली खुर्ची. मुलांनी हे कधी ऐकलंच नव्हतं. चहा निवून गेला तरी कुणाच्या लक्षात आलं नाही.

तेवढ्यात थोरलीच्या नवऱ्याचा फोन आला. "काय ठरलं मग? आई येताहेत ना?"

"नाही येत," ती म्हणाली. "बरी आहे ती. खरंच बरी आहे. अहो, आज काय झालं..." पण पुढचं तिला सांगताच येईना, कारण स्वयंपाकघरात आई आता काकांसारखं पडून दाखवत होती.