उताराची तालीम

ज्ञानेश्वरीला चढाचं भय कधीच नव्हतं. भय होतं ते उताराचं.

तीन वर्षांपूर्वी चैत्राच्या यात्रेत येडाईच्या देवळाच्या पायऱ्या उतरताना ती पडली होती. मुंगीला वाट मिळू नये अशी गर्दी होती. मागून कुणाचा तरी धक्का लागला आणि ती गुडघ्यावर आपटली. वाटीचे दोन तुकडे झाले. सोलापूरला ऑपरेशन झालं, हाड तारेनं बांधलं, पुढं तारही निघाली. हाड जुळलं, पण मनातलं काहीतरी निखळलं ते निखळलंच. एसटीच्या कळंब आगारात कंडक्टर असलेली ही बाई एके काळी घाटाच्या वळणावरसुद्धा दांड्याला हात न लावता तिकिटं द्यायची. आता ती चौकशीच्या खिडकीवर बसायची, आणि येरमाळ्याच्या घरी ओट्याच्या चार पायऱ्या उतरायच्या म्हटलं तरी भिंत चाचपायची. मग नवरा, भागवत, हात पुढं करायचा. ती तो धरायची. हे इतकं मुकाट्यानं चालायचं की दोघांच्याही ध्यानात यायचं बंद झालं होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी अर्पिता तटरक्षक दलात होती. उन्हाळ्यात तिची बदली अंदमानात, पार वरच्या टोकाला दिगलीपूरला झाली. भाद्रपदात गौरी-गणपती उठल्यावर तिचा फोन आला. फोन चुलीजवळच्या फळीवर ठेवून ज्ञानेश्वरी भाकरी थापत होती.

"जानेवारीत दोघंही या. मी रजा टाकते. इथं सॅडल पीक नावाचा डोंगर आहे, अख्ख्या अंदमानात त्याच्याएवढा उंच दुसरा नाही. समुद्राच्या कडेनं, जंगलातून वाट जाते. पप्पा अन् मी जाऊन येऊ. तू खाली वाळूत निवांत बस. शहाळं पी."

थापणारा हात थांबला. "म्या कामून बसू?"

"अगं, दिवसभराची चाल आहे. ओल्या मुळ्या, शेवाळ, चिखल. चढशील तू, पण उतरायचं कसं?"

"बगू की," एवढंच ज्ञानेश्वरी म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

त्या रात्री जेवताना भागवत अंदमानच्या विमानाचं बोलत राहिला. तिच्या डोळ्यांसमोर मात्र वाळूत बसलेली एक बाई येत होती. हातात शहाळं, शेजारी सगळ्यांच्या चपला आणि पिशव्या राखायला ठेवलेल्या. यात्रेत म्हाताऱ्यांना बसवून ठेवतात तशी. ती सत्तेचाळीस वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी तिनं आगारातून अर्धी रजा घेतली आणि धाराशिवला फिजिओथेरपीच्या बाईंकडं गेली.

बाईंनी गुडघा वाकवून पाहिला, दाबून पाहिला. "हाड कधीच बरं झालंय, ताई. मांडी ढिली पडलीय तुमची. उतरताना सगळा भार मांडीनं झेलायचा असतो. तीन वर्षं तिला कामच नाही दिलंत."

"मंग आता दिलं तर?"

"तर करील ती. पण कंटाळायचं नाही."

बाईंनी दाखवलेला पहिला धडा ऐकायला हसू यावं असा होता. खुर्चीत धपकन न बसता हळूहळू बसायचं, तसंच हळूहळू उठायचं. ज्ञानेश्वरी घरी ते करायला लागली तेव्हा पहिल्या आठवड्यात मांड्यांनी असा सूड घेतला की संडासला जाणंही मुश्कील. चौकशीच्या खिडकीवर माणूस नसलं की ती तिथंही उठबस करायची. मागं कॅश मोजणारे सहकारी म्हणायचे, "काय मॅडम, शाळेत गृहपाठ राहिला व्हता का?" ती म्हणायची, "व्हय, तीन सालाचा."

मग तिनं डोंगर निवडला. गावामागं बालाघाटाची सोंड उतरते. वर पठार आहे, आणि मागच्या अंगानं पठारापर्यंत मोटारसायकल जाईल असा कच्चा रस्ता आहे. पुढच्या अंगानं शेरडांच्या पाऊलवाटा खाली गावापर्यंत येतात. तिचा बेत साधा होता. चढण्यात ताकद घालवायचीच नाही. नवऱ्यानं गाडीवर वर नेऊन सोडायचं, आणि तिनं नुसतं उतरायचं.

"लोकं चढायची सवय करत्यात," भागवत म्हणाला.

"ज्याला जे येत न्हाय, त्यानं त्याची करावी."

भागवत पाच एकर रान आणि दुभत्या म्हशी सांभाळणारा, शांत स्वभावाचा गडी. सकाळी डेअरीला दूध घालून आला की तिला गाडीवर घेऊन पठारावर जायचा. पहिल्या दिवशी तो गाडी लावून तिच्याबरोबर निघाला. दहा पावलांवर मुरमाचा उतार लागला. तिनं न बघता हात उचलला, त्यानं न बोलता धरला. खाली पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण ओट्याच्याच पायऱ्या उतरलो, फक्त जरा लांबच्या.

"उद्यापासून मला सोडायचं अन् निघून जायचं," ती म्हणाली.

"आन् पडलीस म्हंजी?"

"जावा म्हणलं ना."

दुसऱ्या दिवशी त्यानं तिला सोडलं आणि गाडी वळवली. ती एकटी उभी राहिली. खाली गावाची पत्र्याची घरं, हायवेवरून जाणारे ट्रक, पलीकडं सोयाबीनची पिवळी पडत चाललेली रानं. ओळखीचं सगळं, पण वरून अनोळखी वाटलं. आडवी होऊन, एक पाय पुढं, दुसरा त्याला जुळवायचा, असं ती उतरू लागली. पाऊण वाट झाली असेल. निंबाच्या बुंध्याआड पांढरी टोपी दिसली.

ती थांबली. "बाहेर या."

भागवत बाहेर आला. अंगावर कुसळं, चेहरा चोरी पकडल्यासारखा.

"गाडी घिऊन जा म्हणलं व्हतं."

"गेलतो की. गाडी घरी लावली अन् खालून चढून आलो."

"कामून?"

"घरात जीव लागंना."

तिला राग आला आणि दयाही आली. ती जवळच्या दगडावर टेकली. "ऐका. तुमी दिसला की माझा हात आपसूक वर येतो. हात वर गेला की पाय काम सोडतो. तुमी वाईट करता असं न्हाय म्हणत म्या. तीन सालं तुमी माझ्यासाठी लई केलं. पर आता तुमी लांब ऱ्हायचं, एवढंच करा."

"लांब ऱ्हायचं म्हंजी अवघड काम हाय," भागवत म्हणाला. थोडा वेळ तो टोपीवरची कुसळं वेचत राहिला. "बरं. डेअरीत बसंन."

त्यानंतर तो खरंच आला नाही. तिला पठारावर सोडायचा, गाडीचा आवाज मागच्या उतारानं विरत जायचा, आणि तो पूर्ण विरेपर्यंत ती पाऊल टाकायची नाही.

डोंगरावर हरणाबाई शेरडं घेऊन असायची. सत्तरीची, तोंडाची फटकळ. पहिल्या दिवसापासून तिला हा खेळ बघायला मिळाला होता.

"बया, रोज खालीच यायचं तर वर जाती कामून तू?"

"सराव करायलीय, मावशी. समुद्राकाठच्या डोंगरावर जायचंय."

"आपल्याकडं डोंगर कमी पडला व्हय?" हरणाबाई म्हणाली आणि शेरडांमागं गेली.

दसऱ्याच्या आसपास ज्ञानेश्वरी पडली. सरावाचं कळल्यावर अर्पितानं पाठवलेले खाचाखाचांच्या तळव्याचे बूट पायात होते, त्यामुळं जरा भरवसा वाढला होता, पाऊल जरा झपाट्यानं पडत होतं. मुरूम निसटला. ती बसल्या बसल्याच खाली घसरली, तळहात सोलले, गुडघा दगडाला घासला. दुखलं फारसं नव्हतं. पण यात्रेतला तो आवाज, हाड मोडल्याचा, कानात जसाच्या तसा आला आणि तिला हुंदका फुटला. एवढी मोठी बाई, ट्रॅकपँट घालून, डोंगरात बसून रडत होती.

"लागलं का गं?" वरून हरणाबाई ओरडली. "बोलवू का कुणाला?"

बोलवा, असं ओठांवर आलं होतं. डेअरी लांब नव्हती. भागवत धावत आला असता. तिनं गुडघा हातानं चाचपला, वाकवून पाहिला, सरळ केला. वाकत होता.

"नगं," ती म्हणाली. "उठते."

उठायला वेळ लागला. आधी कुशीवर, मग गुडघ्यावर, मग एक पाय रोवून. ती तशीच उतरली, आणि घरी येऊन कामाला लागली. रात्री ताटावर बसली तेव्हा तळहाताला हळद होती. भागवतनं ती पाहिली. त्यानं घास थांबवला, काही विचारायला तोंड उघडलं, आणि मग चटणीचा डबा तिच्याकडं सरकवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं न विचारताच गाडी बाहेर काढली.

दिवाळीपर्यंत कोरडी वाट तिला सरावाची झाली. पण अर्पिता फोनवर सारखी सांगायची, इथं कोरडं काही नसतं, आई. ओल कुठून आणायची? मग भागवतलाच सुचलं. रब्बीसाठी रान भिजवलं होतं, ओढ्याकाठच्या उताराच्या तुकड्यात काळ्या मातीचा राडा झाला होता. काळ्या रानाचा चिखल म्हणजे बूट गिळणारा. तिनं त्यातून वरखाली केलं. ओढ्यातल्या शेवाळलेल्या दगडांवर पाऊल आधी टेकवून, पारखून, मग भार द्यायला शिकली. शेजारच्या रानातल्या बायका खुरपी थांबवून बघत. एकदोघींनी तोंडाला पदर लावला. कामाला आलेली परगावची एक जण म्हणालीच, "मास्तरणीला वारं लागलं." ज्ञानेश्वरी मास्तरीण नव्हती, पण तिनं दुरुस्त केलं नाही. बूट धुवायचे होते.

जानेवारीत ते गेले. हैदराबादेहून विमान, पोर्ट ब्लेअरहून दिवसभराची बस, आणि अर्पिता स्टँडवर उभी. आईला बसमधून उतरताना पाहून ती हात द्यायला पुढं आली, पण तोवर आई उतरून सामान मोजत होती. रात्री अर्पिता म्हणाली, "परवा बघू, जमेल तिथपर्यंत जा. मग मी तुझ्याबरोबर परत फिरेन."

"तू नगं फिरू. म्या येनार हाय," ज्ञानेश्वरी म्हणाली.

पहाटेच निघाले. बरोबर वनखात्याच्या चौकीवरचा वाटाड्या होता, तिथलाच, बंगाली वळणाची हिंदी बोलणारा. सुरुवातीला वाट समुद्राच्या कडेनं झाडीतून गेली. असली झाडी ज्ञानेश्वरीनं जन्मात पाहिली नव्हती. येरमाळ्याला झाड म्हणजे ज्याच्याखाली सावली शोधायची ते. इथं सावलीच एवढी की ऊन शोधावं लागत होतं. हवा अशी ओली की श्वास प्यावा लागे. घाम सुकायचं नाव नाही. मग चढ लागला आणि चढतच राहिला. मुळ्यांच्या पायऱ्या, वेलींचे फास, लाल चिखल. भागवतला धाप लागली. अर्पिता मागं वळून वळून बघत होती. ज्ञानेश्वरी खाली मान घालून चढत होती, कुठंही घाई न करता.

शिखरावर पोचले तेव्हा तिथं काही नव्हतं. नुसतं धुकं. समुद्र नाही, बेटं नाहीत, हातभर पलीकडचं झाड दिसेना. अर्पिता हिरमुसली. "काल सगळं साफ होतं गं आई. एवढं चढून आलो आणि..."

"होऊ दे," ज्ञानेश्वरी म्हणाली. शेंगदाण्याचा लाडू खाल्ला, बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा आवळल्या, बोटं पुढं घासू नयेत अशा. चढणं तिच्या लेखी प्रवासखर्च होतं. तिचा डोंगर आता सुरू होत होता.

वाटाड्या पुढं, मग ती, मागं अर्पिता, शेवटी भागवत. पहिल्याच उतारावर वाट सरळ खाली कोसळल्यासारखी दिसली आणि ती कडेलाच थांबली. मागून अर्पिताचा हात आला. "आई, धर."

"नगं, बाळा. तू तुझं बघ."

एक पाऊल टेकवलं. पारखलं. भार दिला. मांडीनं धरला. दुसरं पाऊल. मुळी ओली होती, तिनं मुळीवर पाय न देता मुळीच्या अलीकडं दिला. असं किती वेळ चाललं, तिला कळलं नाही. घाम डोळ्यांत जात होता. मध्येच बारीक पाऊस आला, वाट तेलासारखी झाली. एकदा ती घसरून बसली, चांगली आपटली. अर्पिता "आई!" म्हणून ओरडली आणि खाली झेपावणार, तेवढ्यात भागवतनं लेकीच्या पाठीवरची सॅक मागून धरली.

"थांब," तो म्हणाला. "उठंल ती."

ज्ञानेश्वरी कुशीवर झाली, गुडघ्यावर आली, पाय रोवला, उभी राहिली. मागचा चिखल झटकला आणि चालू लागली. तिनं मागं पाहिलं नाही, पण भागवतचं ते वाक्य तिला ऐकू आलं होतं. त्या दोन शब्दांसाठी त्या माणसाला काय मोल पडलं असेल ते तिलाच ठाऊक.

खाली एका ओहोळावर झाडाचं आडवं खोड टाकलेलं होतं, बुळबुळीत, धरायला काही नाही. वाटाड्या पलीकडं जाऊन हात पुढं करून उभा राहिला. ज्ञानेश्वरी क्षणभर थबकली. मग तिनं सरळ त्याचा हात धरला आणि ओलांडून गेली. मागून अर्पितानंही धरला, भागवतनंही धरला. जिथं सगळ्यांना हात लागतो तिथं आपल्यालाही लागला, यात कमीपणा कसला?

झाडी संपली आणि एकदम समुद्र समोर आला. ऊन कलतं होतं, पाणी हिरवं, काठाशी काळे दगड. ज्ञानेश्वरी बुटांसकट पाण्यात शिरली. लाट पोटरीपर्यंत आली, चिखल धुतला गेला, आणि तिच्या मांड्या आता उघड उघड थरथरायला लागल्या, कुणाची भीडभाड न ठेवता. ती तिथंच पाण्यात बसली आणि हसायला लागली.

अर्पिता शेजारी येऊन बसली. "आई, खरं सांगू? मला वाटलं होतं तू पहिल्या चढालाच परत फिरशील."

"मला बी वरून उतार बघितल्यावर परत फिरावं वाटलं व्हतं," ज्ञानेश्वरी म्हणाली.

मागं वाळूत भागवत उताणा पडला होता, डोळ्यांवर टोपी. त्याचे पाय गळून गेले होते. "मला आता कुणी हलवू नका," तो तिथूनच म्हणाला. "रात झाली तरी चालंल."

पुढची लाट जरा मोठी आली. दोघी मायलेकी भिजून चिंब झाल्या, आणि उठायचं नाव कुणीच काढलं नाही.