कोठीतला टाक

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात माझी बायको वच्छला गेली. पुण्यानुमोदन झाल्यावर तिची बहीण सुशीला ज्वारीची कोठी झाडायला बसली. तळाशी फडक्यात गुंडाळलेला देवीचा चांदीचा टाक निघाला.

छप्पन साली धम्म घेतला तेव्हा घरातले सगळे देव मी कन्हान नदीत सोडले होते. हा एक वच्छलेने ठेवला होता. टाकावर काळेपणा नव्हता. मी घरी नसताना ती तो घासत असणार.

सुशीला म्हणाली, "कन्हानात टाकून या, भाऊजी. विहारात देव नाही म्हणून भाषण देता, अन् तुमच्याच कोठीत देवी? लोक हसतीन."

आजारपणात वच्छलेने मला विचारलं होतं, "खरंच कोणीच नसंल का हो वर?" मी तिला बावीस प्रतिज्ञा ऐकवल्या. ती म्हणाली, "बरं, तुम्हीच जिंकले," आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

मी चुलीतली राख घेतली आणि टाक घासू लागलो.

"पूजा करून राहिले का आता?"

"नाही. देव नाहीच."

घासलेला टाक मी वच्छलेच्या फोटोजवळ उघडा ठेवला.

"येणाऱ्याजाणाऱ्याला दिसंल न," सुशीला म्हणाली.

"दिसू दे. लपवून लपवून थकली ती."