दोन डोळ्यांचा ह

ट्रकच्या सीटला लाल झालर लावताना सुई रेक्झिनमध्ये शिरते, तेव्हा कच्च असा आवाज होतो.

उर्दूत एका अक्षराला दोन डोळे असतात.

यशोदाबाईच्या आजेसासऱ्यानं खोदलेल्या बोडीत बैल नाकापर्यंत बुडून उभे राहतात.

हैदराबादचा संपादक रईसाला आपा म्हणतो. त्यानं तिला कधी पाहिलेलं नाही.

आता सांगायचं ते रईसाचं. नवरा गेल्यापासून सडक अर्जुनीला हायवेवरचं सीटकव्हरचं दुकान तीच चालवते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की रेक्झिनच्या गठ्ठ्यावर बसून उर्दूत कथा लिहिते. गावात उर्दू अक्षरं ओळखणारे थोडे, कथा वाचणारं कोणी नाही. मुलगा नागपूरला असतो. तो हिंदी शाळेत शिकला. आईचं लिहिणं त्याला मुंग्यांची रांग वाटते. हैदराबादच्या मासिकाला कथा पाठवायची म्हणजे विहिरीत दगड टाकायचा आणि आवाजच ऐकू यायचा नाही.

या वेळी आवाज आला. संपादकाचा फोन. वर्षातल्या निवडक कथांच्या पुस्तकात तिची कथा घ्यायची होती. प्रस्तावनेत एका मोठ्या समीक्षकानं तिच्यावरच सगळा भर दिला होता. म्हातारीच्या अंगात बैल डुंबतात, पोरं तिच्यात गळ टाकून बसतात, काय प्रतिमा आहे म्हणे.

रईसानं विचारलं, कोणती म्हातारी?

ती कथा छापलेला अंक आला होता तेव्हा तिनं फक्त आपलं नाव पाहिलं होतं. स्वतःची छापलेली कथा वाचायची तिला लाज वाटते. आता काढून वाचली.

बोडी. भाताच्या शेतांना पाणी पुरवणारं लहान तळं. इकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेला शब्द. हैदराबादेत कोणाला ठाऊक? मासिकात मजकूर तपासणाऱ्याला वाटलं, बाईकडून एक अक्षर राहिलं. उर्दूत ओ आणि ऊ लिहायला एकच, आणि ड ला ह जोडला की ढ. त्यानं प्रत्येक बोडीला दोचश्मी हे, म्हणजे तो दोन डोळ्यांचा ह, चिकटवून दिला. कथाभर तळ्याच्या जागी एक बूढ़ी येऊन बसली.

उन्हाळ्यात बोडी आटत गेली. गावानं तिच्याकडे फिरकणं सोडलं.

उन्हाळ्यात बूढ़ी आटत गेली. गावानं तिच्याकडे फिरकणं सोडलं.

रईसानं दोन्ही वाक्यं आळीपाळीनं म्हणून पाहिली. दुसरंच बरं लागत होतं. तीच तर अडचण होती. गप्प बसली तर पुस्तकात नाव येणार. लोक वाचतील, कोणी पत्ता विचारील, कोणी म्हणेल, आपा, दुसरं काय लिहिलंत?

ती यशोदाबाईकडे गेली. यशोदाबाई तळी बांधणाऱ्या कोहळ्यांची, गुडघ्यांनी अधू, घर बोडीच्या पाळीला, म्हणजे बांधाला लागून. रईसा प्रत्येक कथा आधी तिलाच ऐकवायची, वाचता वाचता तिच्या बोलीत करून. ही पण ऐकवली होती. आज मात्र जशी छापली तशी वाचली. सुपातले तांदूळ निवडणारा यशोदाबाईचा हात थांबला.

"बुढी बुढी काय लावून राहिली भाभी? आमची बोडी कुठी गेली?"

रईसा म्हणाली, त्यांची चूक झाली, पण लोकांना अशीच आवडली आहे.

"बुढ्या तं साऱ्याच गावात असतात. मलेच पाह्य ना."

आपल्याच बोलण्यावर यशोदाबाई बोळक्या तोंडानं हसली आणि पुन्हा खडे वेचायला लागली.

रईसानं फोन करून चूक सांगितली, संपादकानं शांतपणे ऐकून घेतलं. मग समजावलं की प्रस्तावना त्या म्हातारीवर उभी आहे, तळ्यावर ती उभी राहायची नाही. छपाईही तोंडावर आली होती.

"आपा, दोचश्मी हे निकालूँ या अफ़साना?"

दारात एक ट्रक येऊन उभा होता. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता. रईसानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हे नहीं निकलती, तो अफ़साना निकाल दीजिए।"

पुस्तक निघालं. त्यात ती नव्हती. आपा म्हणणारा फोन पुन्हा आला नाही. मुलानं एकदा विचारलं, त्या पुस्तकाचं काय झालं? ती म्हणाली, जागा नव्हती.

मग एका संध्याकाळी तिनं अंकातला प्रत्येक दोन डोळ्यांचा ह पेनानं गिरवून बुजवला आणि पाळीवर बसून यशोदाबाईला कथा पहिल्यापासून वाचून दाखवली. बैल पाण्यात उतरेपर्यंत यशोदाबाई हुंकार देत होती. पुढे तिला बसल्या बसल्या डुलकी लागली. रईसानं उरलेली कथा तशीच मोठ्यानं वाचून संपवली.

रईसा कामठीची. लग्न होऊन इकडे आली तेव्हा बोडी हा शब्द तिलाही माहीत नव्हता.