इर्जिकीचं बोलावणं

सावित्रानं भाताच्या रोपांची एक मूठ उपटून आणली आणि खाटेवर पडलेल्या शिदूच्या पुढ्यात धरली. मुळांचा चिखल गोधडीवर ठिबकला. पाती जून झाल्या होत्या.

“आनखी चार दिस गेले, की गुरांम्होरं टाकायची,” ती म्हणाली.

शिदूनं तोंड फिरवलं. घर शाकारताना वरून पडून त्याचा पाय मोडला, त्याला महिना होत आला होता. त्याच्या बायकोचे, हिरीचे, दिवस भरत आलेले. म्हणून सहासष्ट सालच्या त्या आषाढात सावित्रा लोणावळ्याच्या आरोग्यधामातलं स्वयंपाकाचं काम आठवडाभर दुसरीवर सोपवून वडिवळ्याला भावाकडे आली होती. तीन खाचरं लावायची आणि कामाचे हात तिचे दोन. उपाय एकच होता, इर्जिक. अडल्या घरानं दारोदार जाऊन सांगायचं, मग घरटी एक माणूस लावणीला येतं आणि दुपारी त्या घरानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. त्यात मजुरी नाही की उपकार नाही. मात्र बोलावणं लागतं. न बोलावता दुसऱ्याच्या खाचरात कुणी पाय घालत नाही.

“म्या गावाला हात जोडनार न्हाई,” शिदू म्हणाला. “बा गेला त्या साली कोन आलतं? आई येकली वाकली चिखलात.”

हे सावित्रानं पन्नासदा ऐकलं होतं. शिदू त्या साली चार वर्षांचा होता, त्याला काही आठवायचं कारणच नव्हतं. जे आठवत होतं ते तिनंच त्याला सांगितलेलं होतं.

तिनं वाद घातला नाही. पाठीवर इरलं घेतलं आणि पावसात बाहेर पडली.

नदीच्या वाटेला उंबर अजून उभा होता. ती तिथं थबकली. बाप होता तोवर इर्जिक म्हणजे तिला दिवाळीहून मोठा सण वाटायचा. बांधावर बसून बायांची गाणी ऐकायची, चिखलात पडलेल्याला सगळ्यांबरोबर हसायचं आणि दुपारी पळसाच्या पानावर वाफाळता आंबेमोहोर आणि खेकड्यांचं कालवण. बाप स्वतःच्या पानातली नांगी फोडून तिच्या पानात टाकायचा. तसा भात पुढं आरोग्यधामातल्या बड्या लोकांना रांधतानाही तिला कधी लागला नाही.

मग ज्येष्ठात बाप तापानं गेला. आईनं नऊ वर्षांच्या सावित्राला सांगितलं, समद्या घरी सांगून ये, उद्या आपल्यात इर्जिक हाय. सावित्रा निघाली खरी. पण त्याच सकाळी तिनं कणगीत वाकून पाहिलं होतं. तळाशी चार बोटं तांदूळ होते. गाव जेवून गेल्यावर आपण काय खायचं, याचीच तिला भीती बसली. ती उंबराखाली बसून राहिली आणि दिवस कलल्यावर घरी गेली.

“काय म्हनले?” आईनं विचारलं.

“कोनी येत न्हाई म्हनले.”

आईनं एकटीनं बारा दिवस लावणी केली. चिखल्यांनी तिच्या पायांची बोटं सडली. पार श्रावण सरेपर्यंत सावित्रा रोज त्या पायांना करंजाचं तेल चोळायची आणि रडायची. आई म्हणायची, रडू नगं, दुखत न्हाई मला. नंतर आठ वर्षं आई जगली. गावाबद्दल वाकडा शब्द तिनं कधी काढला नाही, उलट दुसऱ्यांच्या इर्जिकीला सगळ्यात आधी जायची. शिदू त्यावरून तिला देवमाणूस म्हणायचा आणि गावावर आणखी चिडायचा.

पहिलं घर सरूबाईचं. म्हातारी ओटीवर तांदूळ निवडत होती.

“मावशी, उद्या आमच्यात इर्जिक हाय,” सावित्रा म्हणाली.

सरूबाईनं सूप खाली ठेवलं.

“आलीस व्हय येकदाची,” ती म्हणाली. “त्या साली लावनी उरकल्यावर म्या तुज्या आईला लय बोलले. आमी काय मेलो व्हतो का, बोलावलं का न्हाईस, म्हनून.”

“मंग?”

“पयलं दचकली. मंग म्हनली, माजंच चुकलं. पर पोरीम्होरं ह्यो इषय काडू नगा.”

सावित्रा ओल्या इरल्यासकट उंबऱ्यावर बसली. लावणी उरकल्यावर. म्हणजे आपण तेल चोळत होतो तेव्हा आईला सगळं ठाऊक होतं. आपण तिच्यापासून लपवलं आणि तिनं आपल्यापासून. तिला आईची इतकी आठवण आली, की सरूबाईनं पुढं केलेला गुळाचा खडा तिला तोंडात घालवेना. तो मुठीत धरूनच ती पुढच्या घरी गेली.

ती परतली तेव्हा शिदू दाराकडेच बघत होता. रोपांची मूठ त्याच्या उशाशी होती.

“काय म्हनले?” त्यानं विचारलं.

“येत्यात समदी.” ती खाटेच्या कडेला टेकली. आता थांबलं तर पुन्हा जमणार नाही, हे तिला कळत होतं. “तवाबी आली असती, शिदू. म्या बोलवाया गेलेच न्हवते. कनगीत तांदूळ फकस्त चार बोटं व्हतं, म्हनून भ्याले.”

हिरीचं चुलीपाशी चाललेलं काम थांबलं. शिदू कोपर टेकून अर्धा उठला.

“आईला ठावं व्हतं?”

“व्हय. मला आज कळलं.”

त्यानं उशाची मूठ उचलली, मुळं चाचपली, परत ठेवली. गोधडीवर वाळलेला चिखल नखानं खरवडत राहिला. मग हिरीला म्हणाला, सरूमावशीकडनं मोठं पातेलं आनाया लागंल.

“आक्का,” तो म्हणाला, “किती घरं सांगितलीस?”

“अकरा.”

“मंग नदीपल्याडचा जानू ऱ्हायला. लांब पडतं, पर त्याला न्हाई बोलावलं तर त्याला वाईट वाटंल.”

सावित्रानं इरलं पुन्हा पाठीवर घेतलं.