चावी कोलोनला, साखळी ड्युसेलडॉर्फला

दुपारी साडेतीन वाजता जर्मनीतील हाम या स्टेशनवर एका आगगाडीचे दोन भाग करण्यात आले. पुढचा भाग कोलोनला निघाला, मागचा ड्युसेलडॉर्फला. माझी चावी पुढच्या भागात होती. मी मागच्या भागात होते. दोन पाठपिशव्यांतून ओवलेली आणि सामानाच्या लोखंडी दांडीला कुलूप लावून बांधलेली.

मित्रांनो, मी एक जुनी साखळी आहे. रेल्वेच्या प्रवासात सामान बाकाला बांधून ठेवतात, तसली. माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. माझी आठवण सुरू होते ती भुसावळ स्टेशनवर. एक फेरीवाला माझ्यासारख्या बऱ्याच साखळ्या खांद्यावर टाकून डब्याडब्यातून फिरायचा. जळगावजवळच्या असोद्याचे अभिमन आबा केळीच्या व्यवहारासाठी दिल्लीला निघाले होते. त्यांनी मला दोन्ही हातांनी ताणून पाहिले, कुलूप पुन्हा पुन्हा लावले, काढले, आणि मगच विकत घेतले.

ती माझी ऐन उमेदीची वर्षे. आबांची पत्र्याची पेटी बाकाखाली आणि पेटीला मी. गाडीने वेग घेतला की मी बाकाच्या पायावर आपटून वाजायचे. शेजारचे प्रवासी कुरकुरायचे. आबा कूस न बदलता म्हणायचे, “वाजू द्या रे भो. वाजते तवर सामान जागेवर हाय.” एवढे कौतुक मला पुरत असे.

पुढे आबांच्या फेऱ्या थांबल्या आणि मी खुंटीवर गेले. तिथून मला खाली काढले ते त्यांच्या मुलाच्या, अमृतच्या, जर्मनीच्या प्रवासासाठी. अमृत आणि धुळ्याच्या कापड दुकानदाराचा मुलगा रोनक, दोघे जळगावच्या कॉलेजात एका बाकावर बसलेले. पुण्यात नोकरी करून दोघांनी पैसे साठवले होते आणि पाठीवर पिशव्या टाकून शहरामागून शहर पाहायचे ठरवले होते. निघण्याच्या दिवशी आबांनी मला अमृतच्या पिशवीत टाकले आणि माझी एकुलती एक चावी काळ्या दोऱ्यात ओवून त्याच्या गळ्यात घातली.

रोनक हसला. “आबा, जर्मनीत कोणी सामानाला साखळी बांधत नाही.”

“काऊन? तिथल्या चोरायनं काय माळ घातली का?” आबा म्हणाले.

असे आम्ही निघालो. म्युनिक, न्यूरेम्बर्ग, लाइपझिग, बर्लिन. रात्री स्वस्त वसतिगृहात दुमजली पलंगाच्या पायाला मी दोन्ही पिशव्या बांधून पहारा करायचे. परदेशी मुले मला निरखून पाहायची. एका मुलीने तर माझा फोटो काढला. रोनकला लाज वाटे. अमृत मात्र आबांच्याच पद्धतीने कुलूप दोनदा ओढून पाहायचा.

जैन रिवाजाप्रमाणे रोनक सूर्यास्तानंतर जेवत नाही. जूनमध्ये तिकडे रात्री नऊ वाजले तरी ऊन असते. म्युनिकला पहिल्याच दिवशी नदीकाठच्या गवतावर बसून अमृत त्याला म्हणाला, “रोनकशेठ, तुझा सूर्य इथं दुकान वाढवायचं नावच घेत नाही. खा अजून!”

“तू आधी त्या बिबड्यांचा भुगा संपव,” रोनक म्हणाला. अमृतच्या आईने, प्रमिलाबाईंनी, दिलेल्या ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या पिशवीत चुरून गेल्या होत्या. दोघांनी तो भुगा मुठीने खाल्ला, वर रोनकचे खाकरे. मी पिशवीच्या तोंडाशी पडून ऐकत होते. बोलणे रोज एकाच गोष्टीकडे वळायचे. परत गेल्यावर जळगावला लागून असलेल्या पिंप्राळ्यात केळीच्या वेफर्सचा कारखाना काढायचा. यंत्रे अमृतने सांभाळायची, विक्री रोनकने, आणि केळी आबांची. रोनकने धुळ्याच्या दुकानात बसायला वडिलांना नकार दिला होता, तो या कारखान्याच्या भरवशावर. अमृतशिवाय तो होणार नव्हता, निदान रोनकला तसे वाटत होते.

बर्लिनहून कोलोनला जाणाऱ्या गाडीत अमृतने खिडकीबाहेर पाहत सांगितले, “बर्लिनच्या त्या कंपनीत भेटून आलो ना परवा. त्यांचा होकार आलाय. फेब्रुवारीत रुजू व्हायचंय.”

रोनक त्याच्याकडे वळला. मग म्हणाला, “आणि पिंप्राळ्याचं?”

“तू सुरू कर ना. मी इथून मदत करीन.”

“मदत? मी काय गणपतीची वर्गणी मागतोय का तुझ्याकडे?”

शब्दाला शब्द लागला. हॅनोव्हरला गाडी थांबताच अमृत तरातरा खाली उतरला आणि भुसावळला फिरावे तसा फलाटावर पुढे पुढे फिरत राहिला. शिट्टी झाली तेव्हा तो समोरच्या दारातून आत शिरला. आपल्याकडे कुठल्याही दाराने चढले तरी आतून चालत आपल्या जागेवर येता येते. ती मात्र एकामागे एक जोडलेल्या दोन गाड्यांची एक गाडी होती आणि मधून वाट नव्हती. अमृतने फिकीर केली नाही. राग उतरला की पुढच्या स्टेशनवर मागे येऊ, असे त्याने ठरवले, पण हाम येईपर्यंत राग उतरलाच नाही. हे सगळे त्यानेच नंतर सांगितले. गाडीचे दोन भाग होणार असल्याची सूचना तेवढ्यात देऊन झाली होती. अमृतने ती रागात ऐकली नाही, रोनकने दुःखात ऐकली नाही. मी ऐकली, पण मला जर्मन येत नाही.

हामनंतर तिकीट तपासनीस बाई आल्या, तेव्हा रोनकला कळले की आपण कोलोनला चाललेलोच नाही. सिमकार्ड एकट्या रोनकच्या फोनमध्ये होते. अमृतचा फोन त्याच्या हॉटस्पॉटवरच चालायचा. त्याला गाठता येत नव्हते. बाईंनी पुढच्या गाडीतल्या आपल्या सहकाऱ्याला निरोप दिला आणि मग माझ्याकडे बोट दाखवले. “हे काय आहे?”

“साखळी,” रोनक म्हणाला. “चावी मित्राकडे आहे.”

“मित्र कुठे आहे?”

“भांडून गेलाय.”

ड्युसेलडॉर्फला डबा रिकामा झाला. झाडणारे आत आले. थोड्या वेळाने गाडी शेडमध्ये जाणार होती. बाईंनी लांब दांड्यांची कात्री मागवली. तिचे पाते माझ्या कडीला टेकले तेव्हा आपले आयुष्य इथेच संपले, असे मला वाटले. रोनकने कात्रीच्या दांडीवर हात ठेवला.

“ही माझी नाही. त्याच्या वडिलांची आहे. थांबा जरा. तो येईल.”

“नाही आला तर?”

“तर पिशव्यांचे पट्टे कापा.”

दोन्ही पिशव्या त्याच्या डोळ्यांसमोर होत्या. पट्टे कापले असते तर सामान सुटले असते आणि मी त्या दांडीला तशीच कुलूपबंद राहिले असते. पण मला कोणी तोडले नसते. बाईंनी कात्री खाली ठेवली आणि घड्याळ पाहिले.

फलाटावरून कोणी तरी धावत येत होते. निरोप मिळताच अमृत वुपरटालला उतरून दुसऱ्या गाडीने आला होता. गळ्यातला दोरा त्याने असा ओढला की तो तुटलाच. कुलूप उघडले. दोघेही तिथेच, खाली बसले.

“राहायचं तर राहा इथं,” रोनक म्हणाला. “पण पुढच्या वेळी रागावशील तेव्हा चावी ठेवून जा.”

अमृत हसता हसता रडायला लागला. बाईंना काय झाले ते कळले नाही. कोलोनला दोघांनी तिथले प्रसिद्ध उंच चर्च पाहिले, वर चढले, फोटो काढले. पिंप्राळ्याचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही.

फेब्रुवारीत अमृत चाकांची, आकड्यांच्या कुलपाची बॅग घेऊन बर्लिनला गेला. मी असोद्यात राहिले. आबांनी मला शेतातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीला लावले. दोन पावसाळ्यांत मी गंजले, कुलपात मुंग्यांनी घर केले. मग केळी घ्यायला आलेल्या रोनकची माझ्यावर नजर गेली. त्याने पिंप्राळ्यात एकट्याने कारखाना सुरू केला होता.

“घेऊन जा बाप्पा तिले,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “इथं कोनी तिच्याकडे पाहत नाही.”

त्याने मला रॉकेलमध्ये भिजवले, जुन्या ब्रशने घासले, तेल दिले. आता मी कारखान्याच्या जाळीच्या दाराला असते. मित्रांनो, जुन्या वस्तू फार काही मागत नाहीत. अधूनमधून एक थेंब तेल द्या. पावसात टाकू नका. आणि आमच्या जोरावर माणूस जवळ राहील असे मात्र समजू नका. आम्ही फक्त सामान बांधतो.

मागच्या आठवड्यात अमृत सुटीवर आला. कढईजवळ उभे राहून त्याने एक वेफर तोंडात टाकला.

“मीठ जास्त झालंय रे.”

“मग ये आणि कमी कर,” रोनक म्हणाला.

अमृत नुसता हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो रोनकच्या आधी दारात हजर होता. तेव्हापासून रोज येतो. केळी कापण्याच्या यंत्राचे पाते त्याने काल काढून त्याला धार लावली, आणि आज नवा पट्टा आणायला तो जळगावच्या बाजारात गेला आहे. त्याच्या परतीचे तिकीट रविवारचे आहे. आज शुक्रवार. तिकीट रद्द केल्याचे अजून कोणाच्या बोलण्यात आलेले नाही.