अर्ध्या मीटरचे तुकडे

"घरी बघून आल्याशिवाय माझ्या वर्गात बसायचं नाही!" बाईंचा तो हुकूम अजून माझ्या लाकडात घुमतो.

मित्रांनो, मी सहावीच्या वर्गातला एक जुना फळा आहे. सुताराने चार फळ्या जोडून मला घडवले. वीस वर्षे मुलांनी शंका विचारून बाईंना भंडावले, शिपाईमावशींनी नेमाने मला पुसले. मी तृप्त होतो. मग नवी पद्धत आली. धडा घरी मोबाइलवर पाहायचा, गणिते वर्गात सोडवायची. कुणाचे भले झालेही असेल, देव जाणे. मला मात्र ती डोळ्यांसमोर नको. धडा चित्रित करायला बाई रिकाम्या वर्गात मोबाइलपुढे शिकवत. समोर एक मूल नाही, वर झालेला एक हात नाही! एकदा भागाकारात त्यांनी दुसऱ्याऐवजी पहिलाच अपूर्णांक उलटा केला. चूक माझ्याच छातीवर लिहिली गेली, आणि मला वाचा नाही.

दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग तीच चूक घोकून आला. कोरी राहिली ती गावातल्या शिंपीणबाईंची मुलगी. घरातला एकुलता मोबाइल वडिलांबरोबर ट्रकवर जातो.

"आजही नाही पाहिलंस? कोडगी झालीस अगदी! ये पुढे. अर्धा भागिले पाव, कर."

"फुकट वेळ घालवते," मागून कुणीतरी खिदळले.

तिने लिहिले, दोन.

"चूक! अर्धा!" वर्ग ओरडला.

"बाई, अर्ध्या मीटर कापडातून पाव मीटरचा अर्धाच तुकडा निघाला, तर गिऱ्हाईक आईला सोडेल का?"

बाईंनी मोबाइल काढून स्वतःचाच धडा पाहिला. त्यांचा चेहरा उतरला.

"माझंच चुकलं गं. यापुढे नवा धडा आधी तुला शिकवीन. तुझ्या शंका संपल्या, की मगच मोबाइलपुढे उभी राहीन. शाळा सुटल्यावर थांबशील?"

"नाही बाई. आईला बटणं लावून द्यायची असतात."

"मग मीच येते."

मित्रांनो, मला रंगवा किंवा अडगळीत टाका, माझे काही म्हणणे नाही. पण पाहून न आलेल्या मुलाला कोडगे म्हणण्याआधी, का पाहिले नाही ते एकदा विचारा.

आज शाळा सुटली. बाईंनी माझ्या कडेचे दोन खडू रुमालात बांधले, आणि कुणाला काही न सांगता त्या शिंपीणबाईंच्या घराकडे निघाल्या.